माटोळी कुठे बांधायची? (‘एक फोंडेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

‘एक फोंडेकर’ यांस नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं, निम्मं तर खरंच आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गेल्या लेखात मी गोव्यातल्या फ्लॅटमधल्या पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) छतांची टिंगल केली होती. हॉलच्या मधोमध कमळ, कमळात निळा दिवा, वगैरे. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘बाई, तुम्हाला आवडतात ती चांदरच्या वाड्यातली छतं भाटकारांची. मुंडकाराच्या घरात वर कौलं आणि कोळिष्टकं. त्याच्या नातवाने फ्लॅट घेऊन हौसेने कमळ करून घेतलं, तर तुमच्या पोटात का दुखावं? आणि फॉल्स सीलिंगने खोली तापते, हे तर साफ चूक.’ (भाटकार म्हणजे जमीनमालक, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. फॉल्स सीलिंग म्हणजे स्लॅबखाली टांगलेलं दुसरं छत.)

तापण्याचं आधी मिटवून टाकते. चूक माझी. शेवटच्या मजल्यावर एप्रिल-मेमध्ये स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरापर्यंत ते आपल्या डोक्यावर ओतत राहतो. मध्ये बोर्ड आणि हवेची पोकळी आली की तो ताप कमी जाणवतो, वाढत नाही. मी पंखा छताला चिकटवलेल्या एका खोलीच्या अनुभवावरून ते वाक्य ठोकून दिलं होतं. तिथे दोष पंख्याच्या आखूड दांड्याचा होता. एवढंच जोडते की मधल्या मजल्यावर हा फायदा शून्य, कारण तुमचं छत म्हणजे वरच्यांची फरशी. आणि शेवटच्या मजल्यावरही खरा इलाज गच्चीवर आहे : पांढरा लेप द्या, नाहीतर आपल्याकडे निम्म्या इमारतींवर दिसतं तसं पत्र्याचं छप्पर चढवा. त्याने ऊनही अडतं आणि पाऊसही.

भाटकार-मुंडकाराचा मुद्दा मात्र बोचला, कारण तो खरा आहे. दक्षिण गोव्यातल्या चांदर गावच्या ब्रागांझा वाड्यातलं झिंकच्या पत्र्यावर फुलं रंगवलेलं छत मी तासभर मान वर करून पाहिलं आहे. ते बनवण्याची ऐपत किती जणांची होती, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. आणि ‘आपलं पारंपरिक’ म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो ते मंगळुरी कौल तरी कुठे अनादि काळापासूनचं आहे? बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला १८६५ मध्ये. तेव्हा परंपरेच्या काठीने तुमच्या कमळाला मारणं मला शोभत नव्हतं. कमळ मागे घेते. (निळा दिवा नाही घेत. त्या उजेडात शिवराकचं (शाकाहारी) जेवणसुद्धा शिळं दिसतं.)

पण मुंडकाराच्या घरात वर नुसती कोळिष्टकं होती, हे मला मान्य नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, काय असायचं? माटोळी! भाटकाराच्या घरी मोठी, मुंडकाराच्या घरी लहान, पण असायचीच. गणपतीच्या वर वाशांना टांगलेली लाकडी चौकट आणि तिला कुमयाच्या सालीच्या दोरांनी बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगं, चिबूड, केळ्यांचा घड, रानातून आणलेली कांगलां आणि घागऱ्यो अशी रानफळं. गोव्याच्या हिंदू घरांत छत सजवण्याची खरी सार्वत्रिक रीत ही. कला आणि संस्कृती खातं तिच्या स्पर्धा घेतं ते उगाच नाही. ती वाड्यापुरती कधीच नव्हती.

माझी तक्रार नेमकी इथून सुरू होते, आणि गेल्या लेखात टिंगलीच्या नादात ती सांगायचीच राहिली. दोन वर्षांपूर्वी म्हापशाला एक हॉल मीच सजवून दिला. सपाट पांढरं जिप्सम छत, कडेने लपवलेले दिवे. मला फार आवडलं होतं. चवथीला आठवडा असताना घरमालकिणीची मावशी गावाहून आली, चहाचा कप हातात धरून वर बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘सोबीत जालां गो. पूण माटोळी खंय बांदतली?’’

कोणाकडेच उत्तर नव्हतं. जिप्समचा बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा. तो स्वतःचं वजन कसंबसं पेलतो, नारळांचा घोस काय पेलणार? शेवटी छताला चार भोकं पाडली, स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) ठोकले आणि सळया खाली आणल्या. माटोळी झाली, पण पांढऱ्या छतावर चार ठिगळं कायमची राहिली. हेच काम बोर्ड चढवायच्या आधी केलं असतं तर अर्ध्या तासाचं होतं. चार हूक, चार सळया, टोकाला पितळी टोप्या. अकरा महिने कोणाला दिसल्याही नसत्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. ही सांगताना मला लाज वाटते. मडगावला एका फ्लॅटमध्ये दुसऱ्या पावसाळ्यात छतावर पिवळा डाग उमटला, बशीखाली चहा सांडून वाळावा तसा गोल. मी रंगाऱ्याला सांगितलं, दोन हात मार. मारले. दसऱ्यापर्यंत डाग परातीएवढा झाला. बोर्ड उतरवला तर पाठीमागच्या कागदावर काळी बुरशी, आणि मधला भाग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात आला. वरच्यांच्या न्हाणीचा सांधा गळत होता. प्लंबरने तो दुपारपर्यंत दुरुस्त केला. आमचं छत परत उभं राहायला तीन आठवडे लागले. उघडा स्लॅब असता तर पहिला थेंब पडला त्याच दिवशी कळलं असतं.

यात जिप्समचा दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे. जिप्सम साधारण दीडशे अंशाला भाजून त्यातलं बरंचसं पाणी काढलं की पीओपी होतं. त्यात पाणी मिसळलं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. पण पुढे सतत ओल लागली की त्याची ताकद जाते, आणि बोर्डावरचा कागद म्हणजे बुरशीला मेजवानी. हिरवा बोर्ड मिळतो, तो दमट हवा सोसतो, गळती नाही. न्हाणीच्या खाली येणाऱ्या भागात मी आता सिमेंटचा बोर्ड लावते, नाहीतर काढता येणारी पीव्हीसी पट्टी. दिसायला दुय्यम, पण वर हात घालता येतो.

आता तुमच्या हॉलबद्दल. तुम्ही विचारलंत : उंची ९ फूट ४ इंच, मधून बीम गेलेला, सगळं झाकू का? नको. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर धरली आहे, म्हणजे ९ फूट आणि वर जेमतेम पाव इंच. तुमच्या हातात साडेतीन इंच आहेत. बीमच्या बाजूने फॉल्स सीलिंगचा दीड फुटाचा पट्टा तीन इंचात बसवा. त्यात खोल दिवे मावणार नाहीत, पातळ एलईडी पॅनल मावतील. मधला स्लॅब उघडाच ठेवा, पंखा त्याच्या मूळ हुकाला राहू दे. बीम लपवायच्या भानगडीत पडू नका, छताचाच रंग त्याला द्या. दोन महिन्यांनी तो डोळ्यांना दिसतही नाही. आणि मधोमध कमळ हवंच असेल तर पंख्याच्या मुळाशी स्लॅबलाच चिकटवलेलं उथळ पीओपीचं काढून घ्या. त्याला उंची लागत नाही, आणि स्लॅब गळलाच तर तेवढंच जातं.

पट्टा बंद करायच्या आधी वायरी आणि पाइप दिसतील असे फोटो काढा, भिंतीला टेप लावून. माझ्याकडे मडगावच्या त्या फ्लॅटचे असते तर भलतीकडचे दोन बोर्ड फोडावे लागले नसते. चवथीचा गणपती कुठल्या भिंतीला बसतो ते कळवा. हुकांची मापं काढून देते.