अनुदान संपल्यावर काय?
सोशल एंटरप्राइज, म्हणजे सामाजिक कामासाठी चालवलेले धंदे, यावरच्या लेखात हाँगकाँग, तैवान आणि चीन एकाच माळेत ओवलेत ते काही पटलं नाही. हाँगकाँगमधे तर सोशल एंटरप्राइजची कायदेशीर व्याख्याच नाहीये, सगळा खेळ सरकारी अनुदानाच्या अटींवर, म्हणजे 2001 च्या योजनेत अपंग कामगार हवेत आणि 2006 च्या जिल्हा पातळीवरच्या योजनेत ठराविक मर्यादेपर्यंत पैसे मिळतात पण मुदत संपली की स्वतःच्या पायावर उभं राहायचं, मग संस्था कॅफे नि क्लीनिंगचं काम काढणार नाहीत तर काय करणार? तैवानमधे 21 सप्टेंबर 1999 च्या मोठ्या भूकंपानंतर (त्याला 921 भूकंप म्हणतात) सरकारने रोजगारासाठी संस्थांना पगाराचे पैसे दिले, तिथून गाडी वेगळ्याच रुळावर गेली. आणि चीनमधल्या चेंगदू शहराने 2018 ला सोशल एंटरप्राइजसाठी स्वतःचं धोरण काढलं त्याचा तर उल्लेखच नाही राव!