घासणार कोण?

राम मारुती रोडवर एका वॉफलचे पावणेदोनशे रुपये मोजून झाल्यावर आमच्या लेकीने तिथेच हिशेब मांडला. "आई, मैदा, दूध, लोणी. घरी वीस-पंचवीस रुपयांत पडेल. फक्त मशीन हवं."

हा "फक्त" आमच्या घरी याआधीही येऊन गेलाय. सध्या माळ्यावर राहतो. फक्त ज्यूसर, फक्त पोळ्या दाबायचं यंत्र आणि फक्त तो कांदा चिरायचा दोरीवाला डबा, ज्याची दोरी तिसऱ्या दिवशी आत गेली ती अजून बाहेर आलेली नाही.

"वाफल म्हणजे वाफवलेलं का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, भाजलेलं."

"मग वाफ कुठून आली?"

यावर काय बोलणार? मी भाजी निवडत बसले.

नवऱ्याने निवडीचं काम अंगावर घेतलं. वस्तू घेण्याआधी तो तिचा अभ्यास करतो. फ्रिजचा अभ्यास चार महिने चालला होता. तेवढ्यात जुना फ्रिज कंटाळून आपला आपणच बरा झाला. वॉफलचा अभ्यास गुरुवारी सुरू झाला तो थेट २४ ऑगस्ट १८६९पासून. त्या दिवशी म्हणे न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवूट नावाच्या गृहस्थाने चुलीवर ठेवायच्या वॉफल-साच्याचं पेटंट घेतलं. शनिवारी दुपारी नवरा कसाबसा विजेच्या मशीनपर्यंत पोचला.

मग प्रकार सुरू झाले. बेल्जियन म्हणजे जाड आणि खोल खड्ड्यांचं, साधं म्हणजे पातळ आणि उथळ खड्ड्यांचं. खोल खड्डा चांगला, कारण मध त्यात साचून राहतो. रोज घोडबंदर रोडने ऑफिस गाठणाऱ्या माणसाला खड्ड्यात काय काय साचतं हे नव्याने सांगावं लागत नाही, तरी त्याने सांगितलं. शिवाय एक दांड्याला धरून गर्रकन उलटं करायचं, एक जागच्या जागी बसणारं. मग वॉट. स्वयंपाकघरातला सोळा अँपिअरचा एकुलता एक पॉइंट मायक्रोवेव्हने धरलेला, उरला सहाचा. सहा गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट, म्हणून हजाराच्या आतलं मशीन चालेल, असं त्याने दुधाच्या बिलाच्या मागे लिहून सिद्ध केलं.

माझा प्रश्न एकच होता. प्लेटी निघतात का?

हा प्रश्न कुठल्याही तक्त्यात नव्हता, कारण तक्ता करणारा भांडी घासत नाही. वॉफलला जिथे खड्डा असतो तिथे मशीनला टेंगूळ असतं. दुकानात मी एका मशीनची टेंगळं मोजली. वर छत्तीस, खाली छत्तीस. दर दोन टेंगळांच्या मधे एक घळ, आणि लोणी-साखर जाऊन बसणार ती नेमकी त्या घळीत. साखर तर जळून डिंकासारखी चिकटते. वायर असल्यामुळे मशीन नळाखाली धरायचं नाही, नॉनस्टिक असल्यामुळे तारेची घासणी लावायची नाही.

"मॅडम, ओल्या फडक्याने पुसायचं फक्त," विक्रेता म्हणाला.

परत फक्त! "तुमच्या घरी आहे का हो हे?" मी विचारलं. तो छान हसला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला इस्त्री दाखवायला गेला.

निघणाऱ्या प्लेटींचं मशीन होतं. त्याची किंमत ऐकून आम्हीही इस्त्रीच बघू लागलो. परतताना जांभळी नाक्यावर भांड्यांच्या दुकानात सहज विचारलं, तर म्हातारे मालक म्हणाले, "ते नाही आपल्याकडे. बिडाचं आप्पेपात्र घेऊन जा. सात खड्डे आहेत, पुरे होतात."

रात्री जेवताना नवऱ्याने अभ्यासातलं रत्न बाहेर काढलं. अमेरिकेत ओरेगनला बिल बॉवरमन नावाचे धावण्याचे प्रशिक्षक होते, नायकीचे एक संस्थापक. १९७०च्या सुमारास त्यांना वॉफलचा साचा पाहून बुटाचा तळवा सुचला, आणि त्यांनी बायकोच्या वॉफल मशीनमध्ये रबरासारखं युरेथेन ओतलं. मशीन जे चिकटून बंद झालं ते उघडेचना. पण त्यातूनच पुढे वॉफल तळव्याचे बूट आले! लेक आणि नवरा भारावून गेले. मला बुटांचं काही वाटलं नाही. मला त्या बाई दिसत होत्या, सकाळी पिठाचं पातेलं हातात धरून ओट्याशी उभ्या राहिलेल्या.

शेवटी मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "वॉफल मेकर दोन दिवस वापरायला मिळेल का? बघून मग घेऊ."

पाण्याच्या टँकरच्या मेसेजलाही इतकी झटपट उत्तरं येत नाहीत. अर्ध्या तासात सात जणींचं "आहे" आलं. तीन तर रात्रीच दारात. पाचव्या मजल्यावरच्या वहिनी मशीन हातात देताना हळूच म्हणाल्या, "परत देण्याची घाई नको हं," आणि लिफ्टची वाटही न बघता जिन्याने उतरल्या.

रविवारी तिन्ही मशीनं ओट्यावर मांडली. सासूबाईंसाठी अंड्याऐवजी दही घातलं. पहिलं वॉफल लेकीने घाईने उघडलं, तर त्याचे दोन पापुद्रे झाले, एक वर चिकटलेला, एक खाली. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी झाकणावर नजर ठेवली. कडेने भसाभस वाफ येत होती. ती कमी झाली, थांबली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता काढ." कुरकुरीत, सोनेरी, अख्खं निघालं. "वाफ होती की नाही?" त्यांनी फक्त एवढंच विचारलं.

दुपारी मी टूथपिक घेऊन घळी साफ करायला बसले. वहिनींच्या मशीनच्या कोपऱ्यातल्या घळीत माझ्याआधीचा एक काळा कण होता, आणि त्या कणात अर्धी तुटलेली टूथपिक.

"मग यातलं कुठलं घ्यायचं?" नवऱ्याने वही उघडली.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. गेटवरून वॉचमन विचारत होता, "मॅडम, सी विंगमधून दोन पिशव्या आल्यात तुमच्यासाठी. वर पाठवू?"