काउंटरपलीकडचे लाओत्से

औषधाच्या दुकानदाराला मध्येच उठून जाता येत नाही, हे सांगलीतल्या वाचनप्रेमी मंडळींना फार आधीच कळलेलं आहे. न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक अडकतं, आमच्याकडे उलटं. दुपारी चारच्या सुमाराला गर्दी नसते, डोक्यावर पंखा असतो, कोपर टेकायला काउंटर असतो आणि पलीकडे एक माणूस कायमचा उभा असतो. सध्या आपण काय वाचतोय, हे सांगायला याहून सोयीची जागा अख्ख्या गावभागात नाही. काहीजण तर बीपीच्या गोळ्यांची पूर्ण स्ट्रिप घेतच नाहीत, पाच-पाच कापून नेतात. तेवढंच लवकर परत यायला निमित्त.

यात पहिला मान आमच्या सरांचा. निवृत्त प्राचार्य, विषय इतिहास, सध्या मुक्काम ताओवादात, म्हणजे लाओत्सेच्या तत्त्वज्ञानात. लाओत्से हा चीनमध्ये चौ राजांच्या दफ्तरखान्याचा प्रमुख. राज्याची घसरण बघून वैतागला आणि पश्चिमेकडे निघाला. खिंडीतल्या नाकेदारानं अडवलं, म्हणाला, चाललाच आहात तर काहीतरी लिहून देऊन जा. त्यानं पाचेक हजार चिनी अक्षरांत सगळं सांगून टाकलं आणि गेला तो गेलाच. त्याचेच 81 अध्याय म्हणजे 'ताओ ते चिंग'. "अर्थात ही दंतकथा हं," असंही सर प्रामाणिकपणे सांगतात. मला या गोष्टीत नाकेदाराबद्दल फार आपुलकी वाटते. पण त्याला निदान विचारावं तरी लागलं. आणि पाच हजार अक्षरांत आमच्या सरांची प्रस्तावनाही आटपत नाही. 'जाणतो तो बोलत नाही, बोलतो तो जाणत नाही' अशा अर्थाचं वचन छपन्नाव्या अध्यायात आहे. ते त्यांनी मला पाऊण तास समजावून सांगितलं.

एकदा ते पुस्तक काउंटरवरच विसरून गेले. मी चाळलं. पहिल्या चाळीसेक पानांवर पिवळा हायलायटर असा फिरलेला, की रंगवायच्या राहिलेल्या ओळीच महत्त्वाच्या वाटाव्यात. समासात पेन्सिलीनं 'वा!', मग 'पाहा : ज्ञानेश्वरी', मग नुसतंच '!!'. पुढच्या एका पानावर चहाच्या कपाचा गोल, तिथं खूण म्हणून आमच्याच दुकानाचं बिल. त्या गोलापुढचं पुस्तक नवंकोरं. बिल पाहिलं तर मागल्या दिवाळीचं.

सरांचे पक्के श्रोते म्हणजे हळदीचे अडते, आमचे शेठ. त्या दिवशी विषय होता आठवा अध्याय. सर्वांत उत्तम ते पाण्यासारखं. पाणी सगळ्यांचं भलं करतं, कुणाशी भांडत नाही आणि लोकांना नकोशा वाटणाऱ्या सखल जागी जाऊन राहतं. सर रंगात आले होते. शेठ त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45. त्या पाण्याची तपकिरी रेघ आमच्या दुकानात कॅल्शियमच्या डब्यांच्या वर वीतभर अजून आहे. दोनदा रंग काढला, पण पावसाळ्यात भिंतीनं ओल धरली की ती पुन्हा वर येते.

"सर," शेठ म्हणाले, "सखल जागी जाऊन राहतं, हे एकदम मान्य. पण भांडत नाही म्हणताय, ते जरा माझ्या गोदामात येऊन सांगा की."

सर हटणारे नव्हेत. शेठना टाचदुखी आहे, मलम न्यायला आले होते. सरांनी लगेच ताओवादातला दुसरा मोठा विचारवंत, च्वांग त्झ काढला. तो म्हणतो, सामान्य माणूस घशानं श्वास घेतो, खरा माणूस टाचांनी. शेठनी तिथंच चपला काढल्या, डोळे मिटले आणि छाती फुगवली.

"काय येईना ओ."

"येईल. हळूहळू."

मागे रांगेत तिघं होते. शेठनी शेवटी मलमच नेलं, पण जाताना मला हळूच विचारलं, "पातळ लावू का? श्वास कोंडायला नको."

तिसरा गडी विमावाला. वय तीस, पण सल्ले सत्तरीचे. पहाटे पाचला उठा, गार पाण्यानं आंघोळ करा, रोज दहा हजार पावलं चाला, 21 दिवसांत सवय लागते. दहा हजारांचा आकडा 1960 च्या दशकात एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तेव्हाचा आहे. आणि सवयीचं म्हणाल तर लंडनच्या संशोधकांनी माणसांवर प्रयोग करून बघितला, तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले. कुणाला 18 पुरले, कुणाला 254 लागतील असा हिशेब आला. मी त्याला हे सांगत नाही. सांगितलं तर तो पुढच्या पुस्तकावर येईल. शिवाय गेल्याच महिन्यात पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स त्यानं तिसऱ्या दिवशी सोडला होता आणि उरलेल्या गोळ्या परत घेता का, म्हणून विचारायला आला होता.

या सगळ्यांना एक आजीच पुरून उरतात. रोज हरिपाठ म्हणतात, पण त्याबद्दल एक अक्षर काढत नाहीत. सरांच्या कोपराखालून हात घालून सांगतात, "इसबगोल दे रे. ह्यांचं चालू दे."

"तुम्ही काय वाचताय सध्या?" असं मला कुणी विचारत नाही. मी औषधांच्या खोक्यातला कागद वाचतो. मुंगीएवढ्या अक्षरांतला, एकदा उलगडला की पुन्हा त्या घडीत न बसणारा. पोटदुखी, चक्कर, पुरळ, क्वचित प्रसंगी पोटदुखी, चक्कर आणि पुरळ एकदम. त्यातलं कुणाला सांगायला गेलो, तर लोक कानांवर हात ठेवतात.

परवा सर मौनाचं महत्त्व सांगून निघाले आणि गोळ्या काउंटरवरच राहिल्या. मी हाक मारली. चौकातून परत आले, गोळ्या पिशवीत टाकल्या आणि थबकले.

"बरं, कुठवर आलो होतो आपण?"

"न बोलण्यापर्यंत, सर."

"हां," म्हणत सरांनी पिशवी काउंटरवर ठेवली.