बीपीच्या पेशंटला झोपेचं कोण विचारतं?

लग्नघरात हॉलभर गाद्या पडल्या की कुठल्या काकांच्या शेजारी झोपायचं नाही, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. सकाळी चहाला त्यांच्या घोरण्याची नक्कल होते, काकाही हसतात. माझं म्हणणं एवढंच, की नक्कल करणाऱ्याने मधली शांतताही करून दाखवावी. घोरणं चढत जातं आणि अचानक बंद पडतं. छाती-पोट हलत असतं, पण हवा आत जात नसते. मग गुदमरल्यासारखा एक मोठा श्वास, कूस बदलणं, पुन्हा घोरणं सुरू. शेजारच्याला वाटतं, सुटलो एकदाचे!

हा स्लीप ॲप्निया. झोपेत घसा सैल पडून मिटतो आणि श्वास निदान १० सेकंद अडतो किंवा फारच कमी होतो. असं तासाला ३० वेळा किंवा जास्त झालं तर आजार तीव्र. दर वेळी ऑक्सिजन घसरतो, मेंदू झोप मोडतो, बीपी उसळतं. रात्री जे बीपी उतरायला हवं, ते उतरतच नाही. बंद घशातून श्वास ओढताना छातीत उलटा दाब तयार होतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. ठोके अनियमित व्हायला तेही एक कारण.

तरी तीन-तीन गोळ्या घेऊन बीपी हटत नाही, अशा माणसाला आपण मीठ विचारतो, टेन्शन विचारतो. झोप कुणी विचारत नाही. खरी साक्षीदार, बायको, शेजारच्या खुर्चीत पिशवी सांभाळत बसलेली असते. डॉक्टरसाहेब, तिला विचारा ना!

मुंबईत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांच्या पाहणीत साडेसात टक्क्यांना हा आजार निघाला, तेही २००४ साली.

आता मशीनबद्दल. झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवतो, तो सीपॅप. सीपॅप लावला की हार्ट ॲटॅक टळला, असं कुणी सांगितलं तर सबुरीने घ्या. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत, आधीच हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २७०० हून अधिक रुग्णांमध्ये सीपॅपने ॲटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत. मात्र मास्क रात्रीत सरासरी सव्वातीन तासच लागत होता. दिवसाची पेंग कमी झाली, आणि माझ्या मते गाडी चालवणाऱ्याला तेवढंही पुष्कळ आहे.

बायकांचं तर आणखी अवघड. बाई घोरते हे घरात बोललंच जात नाही. पाळी गेल्यावर हा आजार वाढतो, पण तक्रार असते थकव्याची, सकाळच्या डोकेदुखीची, झोप न लागण्याची. मग झोपेची गोळी सुरू होते. त्यातल्या काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो.