आमिश समाज, करोना आणि न मोजलेले मृत्यू

समाजमाध्यमांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये एक संदेश गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा फिरतो आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो या राज्यांतल्या आमिश लोकांनी, म्हणजे आधुनिक साधनांपासून दूर राहून जुनी साधी राहणी जपणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, टाळेबंदी पाळली नाही, मुखपट्टी लावली नाही, लस घेतली नाही, आणि तरीही त्यांच्यातले करोनाचे मृत्यू उर्वरित अमेरिकेपेक्षा ९० पटींनी कमी होते. अर्थात निर्बंध निरर्थक होते आणि व्यक्तिस्वातंत्र्य जपणारा समाजच सुरक्षित राहिला, असा त्याचा आशय आहे. २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हा संदेश जवळचा वाटतो हे मी समजू शकतो. तरीही त्यातले प्रत्येक विधान तपासावे लागेल, कारण त्यात एका समाजाचे मृत्यूच पुसले गेले आहेत.

पहिले विधान ९० पटींचे. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारला जात नाही आणि मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या धर्मपंथाची नोंद होत नाही. त्यामुळे आमिश मृत्यूंचा सरकारी आकडा अस्तित्वातच नाही. ओळखीच्या लोकांकडे चौकशी करून मोजक्या मृत्यूंची माहिती मिळवायची आणि त्या संख्येला लोकसंख्येने भागायचे, या रीतीने मिळालेला आकडा मृत्यूदर ठरत नाही. चौकशी करणाऱ्याला किती मृत्यू कळले, एवढेच तो सांगतो. चाचणीला सहसा न जाणाऱ्या आणि घरीच शेवटचा श्वास घेणे पसंत करणाऱ्या समाजात तर हा फरक फार मोठा असतो.

मात्र सरकारने न ठेवलेली नोंद आमिशांनी स्वतः ठेवली आहे. ओहायोतल्या शुगरक्रीक या गावातून १८९० पासून ‘द बजेट’ नावाचे साप्ताहिक निघते. ठिकठिकाणच्या आमिश आणि मेनोनाइट (आमिशांशी नाते असलेला ख्रिस्ती पंथ) वस्त्यांमधले वार्ताहर त्यात पत्रे लिहितात. पाऊसपाणी, पेरणी, रविवारची प्रार्थना कोणाच्या घरी झाली, कोणाकडे बाळ जन्मले आणि कोण वारले, हे सारे त्यांत असते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी या साप्ताहिकातल्या २०१५ ते २०२० या काळातल्या मृत्युवार्ता मोजल्या, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मृत्यू अपेक्षेपेक्षा १२५ टक्क्यांनी जास्त, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून अधिक झाल्याचे त्यांना आढळले. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत लग्नसराई असते आणि एकेका लग्नाला शेकडो पाहुणे जमतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो महिना नोव्हेंबरच का असावा याचा अंदाज बांधणे अवघड जाणार नाही. त्याआधी, २०२० च्या मे महिन्यातच, ओहायोच्या वेन परगण्यातल्या एका आमिश वस्तीत ३९ जणांची चाचणी झाली आणि त्यांतले ३० जण बाधित निघाले होते.

वयाचा मुद्दाही येथेच सांगायला हवा. आमिश कुटुंबात सहा-सात मुले असणे सामान्य आहे आणि समाजातली निम्म्याच्या आसपास माणसे विशीच्या आतली आहेत. करोनाने मुख्यतः वृद्धांचे बळी घेतले. त्यामुळे कोणतीही उपाययोजना केली किंवा न केली, तरी इतक्या तरुण समाजात दर हजारी मृत्यू कमीच दिसतील. त्या कमी दिसण्याचे श्रेय निर्बंध नाकारण्याला देता येत नाही.

त्यांनी काहीच पाळले नाही, हे दुसरे विधान २०२० च्या वसंत ऋतूपुरतेही खरे नाही. त्या सुरुवातीच्या आठवड्यांत अनेक ठिकाणच्या आमिश मंडळ्यांनी प्रार्थनासभा आपणहून थांबवल्या होत्या आणि शाळा बंद ठेवल्या होत्या, तर शुगरक्रीकच्या परिसरातल्या आमिश शिवणकाम करणाऱ्यांनी रुग्णालयासाठी हजारो मुखपट्ट्या शिवून दिल्या. शिवाय पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो या दोन्ही राज्यांच्या टाळेबंदीच्या आदेशांतून धार्मिक सभांना सूट होती. पुढे शिस्त सैल झाली हे खरे. पण नोव्हेंबरचा आकडा त्या सैलपणानंतरचा आहे, आधीचा नाही.

लसीबाबत थोडक्यात सांगता येईल. करोनाची लस आमिशबहुल भागांत फारच थोड्यांनी घेतली, हे विधान बरोबर आहे. ओहायोच्या होम्स परगण्यात २०२१ च्या मध्यापर्यंत लसीकरण पूर्ण झालेल्यांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होते. परंतु आमिश धर्मनियमांत लसीला बंदी नाही. १९७९ मध्ये पोलिओच्या साथीत आमिश माणसे पांगळी झाली, आणि २०१४ मध्ये फिलिपिन्सहून परतलेल्या आमिश सेवाकार्यकर्त्यांमार्फत ओहायोत आलेल्या गोवराने ३८३ जणांना गाठले. दोन्ही वेळा घरोघरी आणि वस्तीवस्तीत लसीकरण झाले, आणि हजारो आमिशांनी ते स्वीकारले.

उरते ते स्वातंत्र्याचे विधान, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप त्यालाच आहे. आमिश माणूस व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता नाही. ‘गेलासेनहाइट’, म्हणजे स्वतःच्या इच्छेचा त्याग करून देव आणि मंडळी यांना शरण जाणे, हे त्याच्या श्रद्धेचे केंद्र आहे. टोपीच्या काठाची रुंदी, बग्गीचा रंग, दूरध्वनी कुठे ठेवायचा, हे ‘ऑर्डनुंग’ नावाच्या नियमावलीने ठरते. ती मोडून पश्चात्ताप न करणाऱ्या सदस्याला बहिष्कार सोसावा लागतो. अशा समाजाला ‘माझ्या शरीराचा निर्णय माझा’ या घोषणेचे चिन्ह बनवणे म्हणजे त्यांच्या श्रद्धेचा पोशाख तेवढा घ्यायचा आणि श्रद्धा मात्र टाकून द्यायची, असे आहे.

कायद्याच्या बाजूने १९७२ च्या योडर खटल्याचा दाखला हमखास दिला जातो. आमिश मुलांना आठवीनंतर सक्तीच्या शाळेतून मुक्त करणाऱ्या त्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले होते की, मुलाच्या आरोग्याला किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला हानी पोहोचते असे दाखवले गेलेले हे प्रकरण नाही. १९४४ च्या प्रिन्स खटल्यात तर याच न्यायालयाने धर्माचरणाच्या स्वातंत्र्यात समाजाला किंवा मुलाला संसर्गजन्य रोगाच्या तोंडी देण्याची मुभा येत नाही, असे नमूद केले होते.

याचा अर्थ सगळे निर्बंध न्याय्य होते असा मी काढत नाही. न्यूयॉर्कमध्ये काही भागांत प्रार्थनास्थळांत १० किंवा २५ जणांचीच मर्यादा घातली गेली, तेव्हा ब्रुकलिनच्या कॅथलिक धर्मप्रांताने आणि ज्यू संघटनेने दाद मागितली आणि २५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने त्या मर्यादेला स्थगिती दिली. मला तो युक्तिवाद पटतो. त्यात साथीचे गांभीर्य नाकारलेले नव्हते आणि मृतांची संख्या कमी करून सांगितलेली नव्हती. अत्यावश्यक ठरवलेल्या दुकानात कितीही माणसे शिरू शकतात, मग शेजारच्या मोठ्या चर्चमध्ये दहाच का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला होता.