नववीतली मुलं आळशी नाहीयेत, त्यांची शाळा सातला भरते

‘मुलांना म्हणे उशिरा शाळा हवी! आम्ही सातच्या शाळेत जाऊनच मोठे झालो’ अशी सुरुवात असलेला मेसेज सध्या फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. हायस्कूलची वेळ पुढे ढकलू नका म्हणून त्यात मुद्दे दिलेत: आम्हाला काही झालं नाही, आजची मुलं मोबाईलमुळे आळशी झालीत, शाळा उशिरा केली तर ती अजून उशिरा झोपतील, अमेरिकेत हे करून फसलं, आणि आईबापांच्या नोकऱ्यांचं काय. शेवटी सल्ला, की पाच वाजता तोंडावर थंड पाणी मारून उठवा, दहावीच्या मुलाला सहा तास झोप भरपूर झाली. फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण माझ्या ताईने तो तिच्या नववीतल्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवला आणि अलार्म पाचचा करून टाकला, म्हणून आता लिहितेय.

आधी ते ‘आम्ही सातच्या शाळेत’. ज्या काकांनी हा मेसेज टाकला ते तालुक्याच्या गावात शिकले, त्यांची शाळा अकरा ते पाच होती, सकाळची शाळा फक्त शनिवारी. आमच्या घरातल्या त्या पिढीत निम्म्या लोकांचं हेच आहे. आणि जे खरंच सकाळच्या शाळेत होते ते दुपारी घरी येऊन जेवून झोपायचे, त्यांना रात्री साडेआठपर्यंत क्लास नव्हता. पुढे.

आता सहा तास. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला कारण हा नुसता चुकीचा नाही, याने मुलाचं नुकसान होतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तास झोप सांगते. भाच्याचा दिवस बघा. क्लास सुटून घरी यायला नऊ, जेवण, होमवर्क, आडवं व्हायला अकरा, कधी साडेअकरा. व्हॅन सकाळी सहा वीसला गेटवर. दूध अर्धं ओट्यावर राहतं, एक मोजा पायात आणि दुसरा हातात घेऊन तो जिना उतरतो, व्हॅनमध्ये बसल्या बसल्या मान पडते. पहिल्या तासाला डोळा लागला म्हणून डायरीत शेरा येतो. रविवारी अकरापर्यंत झोपला म्हणून घरी बोलणी. अरे पण आठवडाभर जी झोप मिळालीच नाही ती त्याने काढायची कधी? आणि अशा मुलाला पाचला उठवा म्हणणारा मेसेज आपण ‘छान विचार’ म्हणून पुढे पाठवतो!

‘मोबाईल काढून घ्या, आपोआप दहाला झोपतील.’ बरं, यात अर्धं खरं आहे, मान्य करते. रात्री स्क्रीन बघत बसलं की झोप अजून पुढे जाते, त्यामुळे फोन रात्री हॉलमध्ये ठेवा, माझं काहीच म्हणणं नाही. पण मूळ कारण ते नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला दहाला दिवा बंद करून झोपवलं तरी तो छताकडे बघत पडतो. ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी वयात येणं आणि झोपेची वेळ पुढे सरकणं यांचा संबंध १९९३ साली मांडला. १९९३ साली कुठल्या पोराच्या उशाशी मोबाईल होता?

‘शाळा उशिरा केली तर तेवढंच उशिरा झोपतील.’ ऐकायला पटतं. पण हे करून बघितलंय. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात २०१६ साली हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटावर झोप मोजणारी यंत्रं बांधली, बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची तुलना केली आणि २०१८ साली ती छापली. मुलांची झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली, म्हणजे पावणेसात तासांच्या जरा वर होती ती सात तास चोवीस मिनिटांवर गेली. मुलं झोपायची साधारण पूर्वीच्याच वेळेला, फक्त उठायची उशिरा. दोनपैकी ज्या शाळेत गरीब घरातली मुलं जास्त होती तिथे हजेरीही सुधारली. मग ‘अमेरिकेत फसलं’ हे कुठून आलं? फ्लोरिडा राज्याने २०२३ साली शाळा उशिरा भरवायचा कायदा केला आणि २०२५ साली, तो लागू व्हायच्या आधीच, सक्ती काढून टाकली. जे झालंच नाही ते फसणार कसं? कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाही (काही ग्रामीण भाग सोडून), ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

राहिला आईबापांच्या नोकऱ्यांचा मुद्दा, आणि अख्ख्या मेसेजमध्ये हा एकच मुद्दा खरा आहे. सातची शाळा असली की पोरगं व्हॅनमध्ये बसवून, आपला डबा भरून ८:१२ ची लोकल पकडता येते. व्हॅनवाले काका आधी मोठ्यांची फेरी करतात, मग छोट्यांची. दोन अधिवेशनांची शाळा असेल तर दुपारची मुलं साडेबाराला गेटवर उभीच असतात, वर्ग तेवढेच, मग सकाळचं अधिवेशन साडेआठला कसं सुरू करणार? अडचण आहे, नाही म्हणत नाही. पण ती आपली अडचण आहे, ‘अडचण आहे’ असंच म्हणा ना, त्यासाठी मुलाला आळशी का ठरवायचं?

आणि सरकारने काय केलं तर ८ फेब्रुवारी २०२४ च्या जीआरमध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. त्यालाही स्कूलबसवाल्यांचा विरोध झालाच. हायस्कूल त्यात नाहीच. लहानग्यांची झोप महत्त्वाची आहेच, पण सात वर्षांच्या मुलाला नऊला झोपवणं जमतं, पंधराव्या वर्षी ते शरीर ऐकत नाही. सिअॅटलने बसच्या फेऱ्यांची अदलाबदल केली, बहुतेक प्राथमिक शाळा आधी आणि हायस्कूल नंतर. आपल्याकडे जीआरमुळे ते तसंच्या तसं होणार नाही. पण पाचवी ते सातवीचे वर्ग सकाळी आणि आठवी ते दहावी दुपारी, असं दोन अधिवेशनांच्या शाळेत करता येईल का, व्हॅनच्या फेऱ्या तेवढ्याच राहतील का, संध्याकाळच्या क्लासची बॅच सकाळी घेता येईल का, हे प्रश्न जूनच्या पालक सभेत विचारता येतात. मी ताईला तेच सांगितलंय, आणि तोपर्यंत अलार्म परत पावणेसहाचा कर म्हटलं.