सुतार नको, आर्किटेक्ट दाखवा म्हणे

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, राग नाही.

एका प्लायवूडवाल्या कंपनीच्या जाहिरातीची फिल्म लिहितेय सध्या (नाव घेत नाही, पेमेंट बाकी आहे). तीस सेकंदांची. आणि चक्क मराठीत सुचलेली, मराठीतच लिहिलेली, म्हणजे हिंदी फिल्म पाठवून 'मॅडम, लिपसिंक बघून मराठी करून द्या' असलं काम नाही. त्यामुळे जीव लावून लिहिली. त्यात एक म्हातारा सुतार आहे, नव्या घरात कपाट बसवायला आलेला, आणि घरातला नवरा त्याला मोबाइलवर बघून बघून अक्कल शिकवतोय. एवढंच आहे, बाकी सांगत नाही. तर आज कॉलवर त्यांच्याकडचा एक मुलगा म्हणाला, "मॅम, कारपेंटर थोडा डाउनमार्केट वाटतो, ॲस्पिरेशनल नाहीये. त्याच्याऐवजी आर्किटेक्ट दाखवूया ना, हातात टॅबलेट वगैरे." टॅबलेट वगैरे!! आणि पुढच्याच स्लाइडवर कोण? पियूष पांडे, फेविकॉल-कॅडबरीच्या जाहिरातींवाले. मिशीसकट. खाली मोठ्या अक्षरात 'इन्स्पिरेशन'.

मी म्यूटवर होते म्हणून वाचला तो.

24 ऑक्टोबर 2025 ला पांडे गेले, सत्तर वर्षांचे होते. त्या दिवशी माझी अख्खी फीड त्यांच्या फोटोंनी भरलेली. ज्यांनी आयुष्यात एक धड वाक्य लिहिलं नाही तेही 'एंड ऑफ ॲन इरा' लिहून मोकळे झाले. त्यातले निम्मे असेच असणार, माणूस गेला की फोटो लावणार आणि त्याने ज्या माणसांना जाहिरातीत आणलं त्यांना कॉलवर कापणार.

माझं त्यांच्याशी काय नातं? काहीच नाही. मी त्यांना कधी भेटले नाही, त्यांच्या एजन्सीत कधी काम केलं नाही. पण माझे वडील सुतार आहेत. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आज कळलं.

मी सातवीत असेन. आण्णांचं काम कोल्हापुरात ताराबाई पार्कात एका बंगल्यात चालू होतं, बेडरूमची कपाटं. मे महिन्याची सुट्टी, म्हणून दुपारचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे. आण्णा व्हरांड्यात भुशात बसून जेवायचे. घरातली माणसं वाईट नव्हती, पण मिस्त्री म्हणजे मिस्त्री, चहा यायचा तो कान तुटलेल्या कपातून. तर त्या दिवशी हॉलमध्ये मॅच चालू होती आणि मध्ये ती अंड्याची जाहिरात लागली. आठवते ना? आचारी अंडं फोडायला जातो, फुटत नाही, परत आपटतो, फुटत नाही, घाम फुटतो बिचाऱ्याला, आणि मग कॅमेरा कोंबडीकडे जातो तर ती फेविकॉलच्या डब्यात चोच घालून खातेय. घरातली पोरं हसून लोळायला लागली आणि त्यातलं एक ओरडलं, "मिस्त्रीकाका, तुमची जाहिरात, तुमची जाहिरात!"

तुमची जाहिरात. हे मी विसरू शकत नाही.

आण्णा उठून हॉलच्या उंबऱ्यापर्यंत गेले, आत नाही, पायाला भुसा होता. घरमालक म्हणाले, "काय हो मिस्त्री, खरंच एवढं चिकटतंय व्हय?" त्यावर आण्णा, "अंड्याचं काय म्हाईत न्हाई सायेब, पण ह्ये तुमचं मागचं दार पावसात फुगणार बघा, ते आधी तासून घ्या." सगळं घर हसलं. आणि मग मालक खरंच उठले आणि दोघं मागच्या दाराशी जाऊन लाकडावर, शिसवीवर, सागवानावर कितीतरी वेळ बोलत उभे राहिले. मी डबा धरून उभी. आण्णांना कुणी त्यांच्या कामाबद्दल काही विचारतंय, भाव सोडून, हे मी पहिल्यांदा बघत होते.

आता तुम्ही म्हणाल, एका जाहिरातीने काय मजुरी वाढली का? नाही वाढली. आण्णांची कंबर गेली ती गेलीच. जाहिरात शेवटी माल खपवायलाच असते, हे मला काय शिकवताय, मी त्याच धंद्यात आहे.

पण ऐका. फेविकॉल आलं 1959 मध्ये. त्याआधी सुतारकामात सरस वापरायचे, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला, तो आधी उकळायचा, गरम गरम लावायचा, आणि वास असा की घरमालक नाक धरून पळणार. माझ्या आजोबांनी आयुष्यभर सरस उकळला. फेविकॉल बनवणाऱ्या पिडिलाइटचे बळवंतराय पारेख थेट सुतारांकडे गेले, त्यांना फर्निचरच्या डिझाइनची पुस्तकं पुरवली. आमच्या घरी ती पुस्तकं होती, आई पेपरच्या रद्दीत घालू द्यायची नाही. आणि फेविकॉलचे रिकामे पांढरे डबे तर काय, ज्वारी त्यात, डाळ त्यात, आंघोळीचं पाणी त्यात. म्हणजे गिऱ्हाईक कोण होतं? आण्णा होते. दुसरा कुणी असता तर त्याने सूटबूटवाला माणूस चकचकीत टेबलावरून हात फिरवताना दाखवला असता. पांडे आणि त्यांच्या टीमने दाखवली कोंबडी, आचारी, वाळवंटातली खच्चून भरलेली बस, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, खड्ड्यातून आदळतेय आणि एकही पडत नाही. एक शब्द नाही हो त्या बसच्या फिल्ममध्ये! ती केली त्यांच्या भावाने, प्रसूनने. आणि ते 'दम लगा के हईशा'वालं, त्यात ओढणाऱ्यांत आपला नागपूरचा राजू हिरानी आहे, मुन्नाभाईच्या कितीतरी आधीचा, जाऊन बघा.

तर हा माणूस, पांडे, जयपूरचा. नऊ भावंडं, सात बहिणी, दोन भाऊ, गायिका इला अरुण त्यांची बहीण. लहानपणी हे दोघे भाऊ रेडिओवर जाहिरातींना आवाज द्यायचे. मग राजस्थानकडून रणजी खेळले, चहाच्या कंपनीत चहा चाखायची नोकरी केली आणि 1982 ला ओगिल्वी ह्या जाहिरात एजन्सीत लागले, ते शेवटपर्यंत तिथेच. तेव्हा जाहिरात इंग्रजीत सुचायची आणि मग खाली उतरवायची. आणि हे लागले कुठे, तर क्लायंट सर्व्हिसिंगला, म्हणजे क्लायंट सांभाळायला (अकाउंट मॅनेजर म्हणतात त्याला), लिहायला नव्हेच. तिथूनच पुण्याच्या कायनेटिकसाठी 'चल मेरी लूना' लिहिलं. (आण्णांकडे लूना होती. तिच्यावरून सहा फुटी पट्ट्या आणायचे, आडव्या नाही, उभ्या बांधून, ट्रॅफिक पोलिसांनी नाद सोडला होता.) आणि 1988 च्या 15 ऑगस्टला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागलं त्याचे शब्दही ह्यांचेच, ओगिल्वीतले त्यांचे वरिष्ठ सुरेश मल्लिक, त्यांनी एकामागून एक ड्राफ्ट परत पाठवले आणि मग हा पास झाला. विचार करा, आपले भीमसेनअण्णा ज्या ओळीने सुरुवात करतात ती ओळ एका अकाउंट मॅनेजरने लिहिलेली. आज अकाउंट मॅनेजर काय लिहितो? 'जेंटल रिमाइंडर'.

बरं, बोलते तेही. 2014 चं 'अब की बार मोदी सरकार' त्यांचंच होतं आणि माझ्या मित्रांपैकी बऱ्याच जणांनी त्यांना त्यासाठी माफ केलेलं नाही. मीही फार खूश नाही. पुढे.

आणि हो, हिंदी. मराठीवाले मला धरणार म्हणून आधीच सांगते. पांडेंनी जाहिरात इंग्रजीतून हिंदीत आणली आणि मराठी तिथेच राहिली, हिंदीच्या मागे, डबिंगच्या रांगेत, हे खरं आहे. माझं पोट त्या रांगेवरच चालतं त्यामुळे मला जास्त माहीत आहे. पण त्यात त्यांचा काय दोष? ते त्यांच्या घरात जे बोलायचे ते लिहीत होते. आपल्याला आपल्या घरात बोलतो ते लिहायला कोणी अडवलंय? अडवलंय म्हणा, तो टॅबलेटवाला पोरगा अडवतोय. पण आपल्यातलेही कमी नाहीत, क्लायंट मराठी असला की तो जास्तच घाबरतो, त्याला वाटतं आपण गावचे वाटू.

मला राहून राहून त्या हॉलचा उंबरा आठवतो. मालक, त्यांची बायको, पोरं, आचारीण आत पोळ्या लाटत होती ती पण लाटणं घेऊन बाहेर आलेली, आणि आण्णा. सगळे एकाच गोष्टीला हसले. एकाच वेळी. कुणी कुणाला हसलं नाही. तुम्ही लिहून बघा असा विनोद, मी अजून जमवतेय.

पांडेंच्या घराघरातल्या जाहिराती बघा, तिथेही हेच. कॅडबरीची मैदानात नाचत घुसणारी मुलगी, 1994 ची. तोपर्यंत चॉकलेट म्हणजे बाबा ऑफिसातून येताना पोरांना आणतात ते. मोठ्या माणसाने लाज न बाळगता खावं हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. एशियन पेंट्सचं 'हर घर कुछ कहता है' तर त्यांच्याच आवाजात. रंगाचा डबा विकायचाय आणि माणूस बोलतोय घरातल्या माणसांबद्दल. मला वाटतं नऊ भावंडांच्या घरात वाढल्याशिवाय हे कान येत नाहीत. ऑफिसात ते मोठ्याने हसायचे, सगळ्यांना नावाने ओळखायचे, असं त्यांच्याकडे काम केलेले सगळेच सांगतात. आणि पोलिओ! 'दो बूंद ज़िंदगी की', आणि बच्चन चिडून झापतोय ती फिल्म. देशातला शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीतला. उन्हात बूथवर बसल्या त्या अंगणवाडीच्या ताया, श्रेय पहिलं त्यांचंच, पण त्यांच्याकडे लेकरं घेऊन आया याव्यात म्हणून कुणीतरी नीट बोललं ना.

लिहिता लिहिता राग जरा उतरला.

पांडे गेले तेव्हा मी आण्णांना फोन केला होता. त्यांना नाव माहीत नव्हतं. म्हटलं, ती अंड्याची जाहिरात, ताराबाई पार्कातली, आठवते का? "मंग! दार फुगलंच की त्येंचं." मग जरा थांबून, "त्यो मानूस सुतार हुता काय गं?" म्हटलं नाही आण्णा, लिहायचे ते. "मंग त्येला कसं कळलं?" काय सांगणार. सांगितलं की विचारायचे बहुतेक.

2019 मध्ये फेविकॉलला साठ वर्षं झाली तेव्हाची सोफ्याची फिल्म आहे, तीही बघा. एकच सोफा एका घरातून दुसऱ्या घरात, कव्हरं बदलतात, माणसं बदलतात, सांगाडा तोच. फिल्म सोफ्याची आहे, सुताराची नाही म्हणा हवं तर. पण आण्णांनी ती बघून पहिलं काय विचारलं असेल? "सांधा कुणी मारलाय?"

असो. कमेंटमध्ये ज्याने त्याने आपापली आवडती जाहिरात लिहा, बस सोडून, ती सगळ्यांचीच आहे. आणि 'एआय आता हे सगळं पाच मिनिटांत करून देतं' असं लिहिणाऱ्याला ब्लॉक करणार आहे, मग तो नात्यातला का असेना. संदीपदादा, तुला बोलतेय.